घरचंच पोर

वाडी, ता. चोपडे
९ मार्च १९५४

पंडितभाऊंस धाकट्या भिकनचा नमस्कार.

अमळनेरहून तुमचे पत्र परवा पोचले. आम्ही ठीक आहोत. केळीला पाणी चालू आहे. आत्याची कंबर आता कशी आहे ते कळवावे.

देवी टोचलेली माणसे किती, याचा अंदाज काढण्याचे काम साहेबांनी मला दिले, याचा तुम्हाला आनंद झाला. "शाळेतच मोज, उन्हात हिंडू नको," असे लिहिलेत. शाळेत मोजले. तिथे जवळजवळ प्रत्येक दंडावर खूण आहे, कारण तुम्ही शाळेतच टोचलेत. पण शाळेत पाळणे नसतात, बायाही नसतात. म्हणून दर पाचवे घर धरून हिंडलो.

बाया माझ्यापुढे चोळीची बाही वर करीनात. मग वच्छलाबाई कासारणीला बरोबर घेतले. ती आत बांगड्या भरते, दंड पाहते आणि "शे" नाहीतर "नही शे" ओरडते. मी ओट्यावर पाठ फिरवून पाटीवर रेघ ओढतो. म्हणते, "भिकन, तू नवरदेवना मायक लाजस."

तान्ह्यांत निम्मीही टोचलेली नाहीत. मोठ्या बायांत चौघींत एक. चूक नको म्हणून पुन्हा फिरलो. तुम्ही तर सगळी वाडी टोचून झाली असे वर कळवले होते.

आमच्या घरात वच्छलाबाई बराच वेळ ओरडलीच नाही. कुंदाअक्का माहेरीच असते. तोंडावर वण आल्यापासून सासरचे न्यायला आले नाहीत. शेवटी आतून आवाज आला, "भाऊ, हिले देवी येई ग्यात. काय सांगू?"

"नही शे म्हण," मी सांगितले.

अक्काच्या लेकाचे, कौतिकचे, नाव तुमच्या पत्रांत कधी येत नाही. तुम्ही लस घेऊन आलात, तेव्हा तिने खापरावर मांडे केले होते. तो तुमच्या मांडीवरून उठत नव्हता. टोचता का, असे तिने विचारले. "घरनंच पोर शे, कव्हय बी टोची लिसू," म्हणालात आणि जेवून आडवे झालात. उन्हे उतरल्यावर त्याला न टोचताच गाडी जुंपायला सांगितलीत. दिवाळीनंतर देवी आल्या. अक्का उठून बसली तेव्हा पाळणा काढून ठेवलेला होता.

सोमवारी साहेब पडताळायला येत आहेत. तुम्हालाही हजर राहण्याचा हुकूम निघाला आहे. तुमची नोकरी राहील असे मला वाटत नाही, आणि त्यासाठी मी एक रेघही कमीजास्त करणार नाही. वाडीतल्या बाया आमच्या अंगणात बाह्या वर करून उभ्या राहणार आहेत. लाज कोणाची जायची, ते आता त्यांनीच ठरवले आहे.

जेवण आमच्याकडे आहे. अक्का म्हणते, "त्यास्ले बलाव. मांडा मीच वाढसू." तेव्हा यायला चुकू नका. ती वाढायला वाकेल तेव्हा पानात पाहू नका, वर पाहा.

तुमच्याच घरचा,
भिकन