बोंबलांची अँटेना

वरसे, रोहा
शुक्रवार, सकाळचे साडेनऊ

माझा जुना जोडीदार, मिठागरांचा राजा आणि रेडिओच्या कामात माझा वडीलभाऊ असलेला जनू यास वरशाहून लतीफचा मनापासून सलाम. (राजाच्या आधी मी आणखी एक विशेषण लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कागद उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.) आम्ही इथे अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहोत. हाजराचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे रोज दुखतो आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे पाहुणे उठून गेल्यावर दुखतो. अर्शदचा दोह्याहून दर जुम्म्याला फोन येतो आणि तो दर वेळी विचारतो की अब्बा, एवढे फोन असताना तुम्हाला रेडिओ कशाला लागतो. तुझी तब्येत कशी आहे? गळ्याची पट्टी निघाली का? जेवण नीट जातं का? हे सगळं मी फोनवर विचारलं असतं, पण फोन धोंडुवहिनी उचलतात, ‘बरं हाय’ एवढंच म्हणतात आणि मागे वाटीवर चमचा जोरात आपटतो. त्यावरून तू समोरच बसला आहेस आणि हातानेच ‘ठेव ठेव’ म्हणतो आहेस हे मला कळतं. म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राला कुणी ‘ठेव’ म्हणू शकत नाही.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. आपली अँटेना खाली आली. परसातल्या दोन माडांच्या शेंड्यांना ताणलेली ती तार, जी बांधायला तू पेणहून मुद्दाम आला होतास आणि माडावर चढलेल्या मोरूला खालून अशा सूचना दिल्या होत्यास की मागच्या आळीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली, ती तार आता माझ्या छातीच्या उंचीवर आहे. (कारण विचारू नकोस. माड आहे, वारा आहे, काहीतरी समजून घे.) आता दोन झाडांमध्ये हाताला येईल अशी लांबलचक, स्वच्छ तार दिसल्यावर कोणतीही बाई काय करेल? मंगळवारी हाजराने बाजारातून ओले बोंबील आणले आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने सगळ्या तारेवर टांगले. मला पत्ता नाही. मी सेट लावला तर मीटरचा काटा वेड्यासारखा नाचायला लागला. मी सेट उघडला, फ्यूज पाहिला, केबलचं टोक कापून नव्याने डाख लावला, अर्धा दिवस घालवला. शेवटी केबल बाहेर कुठे तुटली आहे का ते बघायला परसात गेलो, तर साठ-सत्तर जोडपी वाऱ्यावर झुलत होती आणि खाली शेजाऱ्यांची तीन मांजरं ओळीने बसली होती. मी हाजराला शांतपणे समजावलं, की बाई, ही तार हवेत लहरी सोडायला आहे, ओल्या मासळीने तिचं गणित बिघडतं. तिने तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या करंटनं ते लवकर सुकतील काय?” मी नाही म्हटल्यावर तिचा रेडिओवरचा उरलासुरला विश्वासही गेला.

चांगली बातमीही आहे, पण ती शिळी आहे. सप्टेंबरात, तार अजून शेंड्यावर होती तेव्हा, मगरिबच्या नमाजानंतर सहज बसलो होतो आणि उरुग्वे लागलं. हो, उरुग्वे. तिथला एक दातांचा डॉक्टर. आवाज कधी पाण्याखालून आल्यासारखा, कधी अगदी ओटीवर बसल्यासारखा. त्याने माझं नाव लिहून घेतलं, मी त्याचं. त्याच्याकडे थंडी होती, माझ्याकडे पाऊस होता, यापेक्षा जास्त आम्ही काही बोललो नाही. पुढे त्याचं कार्डही आलं, त्यावर घोड्याचं चित्र आहे. जनू, आपल्या दहा वर्षांच्या लायसन्सात मला लागलेलं हे सगळ्यांत लांबचं स्टेशन. मी खुर्चीवरून उठलो तो थेट तुला सांगायला. हातात धरायचा छोटा सेट उचलला, बटण दाबलं, तुझं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सावरचं तुझं हाकेचं नाव, दोनदा म्हटलं आणि मग आठवलं. डोंगरावरचा, आवाज झेलून पुढे फेकणारा तो रिपीटर, ज्याच्यावरून आपण रोज सकाळी सातला बोलायचो, तो पावसाळ्यात बंद पडला तो अजून कुणी चढून दुरुस्त केलेला नाही. आणि तो चालू असता तरी तू बोलणार नव्हतास, कारण जूनमध्ये डॉक्टरांनी गाठीबरोबर तुझी आवाजपेटी काढली होती. हे दुसरं मला आधी आठवायला हवं होतं. मी बटण दाबून तसाच उभा राहिलो.

मग मी उरुग्वेची गोष्ट हाजराला सांगितली. ती म्हणाली की इतक्या लांबचा डॉक्टर काय कामाचा. (तिची दाढ तेव्हा दुखत होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.) मग तिने विचारलं, “उरुग्वे लागतं, तर पेण का नाय लागत?” तुला हे सांगायची गरज नाही, पण तिला समजावताना माझा घाम निघाला. उंच तारेवरून निघालेली लहर तिरकी जाते, आभाळावर आपटते आणि हजारो मैल पुढे उतरते. मधलं सगळं ती ओलांडून जाते. नागोठणे, वडखळ, पेण, सगळं. रोह्याहून पेण म्हणजे एसटीने दीड तास, आणि माझा आवाज पेणच्या डोक्यावरून उडून समुद्रापार जातो. हाजराने बोंबलाचं डोकं काढता काढता सांगितलं की मग तुमच्या तारेतच खोट आहे. तेव्हा मी रागावलो. नंतर विचार केला तर मला तिच्या बोलण्यात चूक सापडेना.

आता एक कबुली. आपण दोघं मुंबईला रेडिओच्या लायसन्साची परीक्षा देऊन परत येताना पेणच्या स्टँडवर वडे खात होतो तेव्हाची शपथ तुला आठवत असेल. जिला मोर्सची टकटक लागत नाही तीच खालची परीक्षा आपण मुद्दाम दिली होती आणि तू वडा हातात धरून सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं म्हणाला होतास, “देवानं तोंड दिलंय माणसाला. आपण काय सुतारपक्षी नाय.” डोलवीच्या कंपनीत क्रेनखाली उभं राहून वीस वर्षं ओरडलेला माणूस तू, तुला ते शोभत होतं. मीही हसून शपथ घेतली. ती शपथ मी मोडली आहे. ऑक्टोबरपासून मी मोर्स शिकतो आहे, लपूनछपून, सदुसष्टाव्या वर्षी. लपून यासाठी की दोन महिने जमलं नाही तर कुणाला सांगावं लागू नये. त्याचा परिणाम असा झाला की माझी बोटं माझ्या ताब्यात राहिली नाहीत. जेवताना ताटावर, नमाजाआधी वजू करताना नळावर, कपाळाला हात लावून बसलो तर कपाळावर, टिंब, रेघ, टिंब. हाजराने आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी मला कंपवात झाला असं ठरवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने माझे दोन्ही हात पुढे करायला लावले. घाबरून मी ते अगदी स्थिर धरले. तो म्हणाला, सुरुवात आहे. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मला तीन दिवस इतकी झोप आली की एवढी मेहनत करून पाठ केलेली नऊ अक्षरं विसरून गेलो.

त्याहून मोठा गोंधळ एसटीत झाला. नोव्हेंबरात तुला भेटायला येत होतो, तो चौथा प्रयत्न. जागा मिळाली ती नेमकी ड्रायव्हरच्या मागची. गाडी नागोठण्याला थांबली, कंडक्टर नोंद करायला खाली उतरला आणि मी खिशातलं नाणं काढून समोरच्या दांडीवर हळूच तुझं कॉलसाइन वाजवत बसलो. त्याच्या शेवटी दोन टिंबं येतात. टण, टण. दोन टोले म्हणजे गाडी काढा, हे ड्रायव्हरच्या हाडात भिनलेलं असतं. त्याने काढली. मागची माणसं ओरडली, पण एसटीत मागची माणसं नेहमीच ओरडतात. वडखळला कुणीतरी तिकीट मागितलं तेव्हा कळलं की गाडीत कंडक्टरच नाही. तो मागून मिनीडोर रिक्षाने आला, घामाघूम, हातात तिकिटांचं मशीन. मी उठून, हात जोडून, सगळ्यांदेखत कबूल केलं. का वाजवत होतो असं त्याने विचारल्यावर मी सांगितलं की मित्राला हाक मारत होतो. तो मला सगळ्यांत मागच्या सीटवर बसवून आला.

एवढं करून तुझ्या घरी पोचलो तर धोंडुवहिनी म्हणाल्या, झोपलेत. पडद्याखाली तुझे पाय दिसत होते. तू पडद्यामागे उभा होतास, जनू. मीही म्हटलं, झोपू द्या. वहिनींनी चहा दिला. कोपऱ्यात तुझ्या सेटवर फडकं घातलेलं होतं. मग निलेश बाहेर सोडायला आला आणि फाटकाशी म्हणाला, “काका, बाबांनी पाटीवर लिहून दिलाय, सेट विकून टाक. पनवेलचं गिऱ्हाईक डिसेंबरअखेरीस येतंय.” त्याच्या तोंडावर त्याचं दुःख होतं, त्याला दोष देऊ नकोस. मी बरं म्हटलं आणि स्टँडवर आलो. परत जाताना मागच्या सीटवरच बसलो, आपणहून. नाणं खिशातच ठेवलं.

तुला मी काही शिकवावं असा माझा वकूब नाही. तुझ्या गळ्यावरचं भोक आणि त्यातून येणारी फुसफुस कुणी ऐकू नये असं तुला वाटतं, हे मी समजू शकतो. मी तुझ्या जागी असतो तर मीही पडद्यामागे उभा राहिलो असतो, आणि तू तो पडदा ओढून काढला असतास. माझ्यात ते धाडस नाही. मला फक्त तुझी आठवण येते. सकाळी सातला येते आणि मग दिवसभर जात नाही. उरुग्वे लागल्यावर आनंद झाला असं मी वर लिहिलं नाही, बघ. झालाच नव्हता. बाकी सगळं क्षेम. धोंडुवहिनींना, निलेशला आणि सूनबाई भूमिकाला आमचा नमस्कार सांग. म्हणजे पाटीवर लिही.

तुझा,
लतीफ

ता. क. अँटेनाबद्दल मी वर खरं सांगितलं नाही. वारा नव्हता, माडही धडधाकट आहे. मीच मोरूला चढवून ती खाली घेतली. त्याने तीनदा विचारलं की चाचा, नक्की काय? तार जमिनीलगत बांधली की लहर सरळ वर जाते आणि आपल्याच आसपास उतरते. रोहा, पेण, बस तेवढंच. उरुग्वे आता लागत नाही. तुझी तार अजून कौलांवर आहे, मी येताना पाहून घेतली.

दुसरा ता. क. या पाकिटात एक कार्ड आहे. बोलणं झालं याची खूण म्हणून आपण देशोदेशी धाडतो तसलंच. तुझं नाव, माझं नाव, फ्रिक्वेन्सी, सगळं भरलं आहे. तारीख आणि वेळ कोरी आहे. मी रोज सकाळी सातला पाच मिनिटं तुझं कॉलसाइन वाजवतो आणि मग पंधरा मिनिटं ऐकतो. तुला सगळी बाराखडी शिकायची गरज नाही. तुझ्या कॉलसाइनची टिंबं आणि रेघा मी कार्डामागे मोठ्या काढल्या आहेत, तेवढंच वाजव. याला तोंड लागत नाही. सेट विकायचा असेल तर जरूर विक, पण आधी कार्ड भर. अर्धवट कार्ड घरात ठेवणं बरं नव्हे.

जनूभावजी, मी हाजरा. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. बोंबलांचं ह्यांनी तिखटमीठ लावून लिहिलंय. मी सातच्या आत सगळे बोंबील काढून ठेवते आणि साडेसातला परत घालते, रोज, गुडघा दुखत असला तरी. काल धोंडुवहिनींचा फोन आलेला. त्या म्हणाल्या, हल्ली सकाळी सातला तुम्ही सेटवरचं फडकं काढून बसता आणि काही वाजायला लागलं की वहिनींना पण बोलू देत नाय. मी ह्यांना हे सांगितलेलं नाय. ते तुमचं तुम्ही सांगा.