महाशीर जगवायचे म्हणून

४ मार्च
शहरातल्या छावणी भागात खोली मिळाली. खाली बेकरी आहे, सगळ्या कपड्यांना खारीचा वास लागलाय. बीडहून आले त्याचं चीज झालं. काम लई भारी आहे. फर्दापूरकडच्या एका डोहातले महाशीर मासे किती वर्षांत नामशेष होतील, ते संगणकावर मांडायचं. डोहावर गेलं की आमचे प्रमुख काकासाहेब सर आधी माशांना मुरमुरे टाकतात, मगच स्वतः चहा घेतात. जीप चालवणारा तन्वीर म्हणतो, साहेबांना मूलबाळ नाही, हीच त्यांची लेकरं.

९ मार्च
पद्धत सोपी आहे. माशांच्या जिवावर उठलेलं एकेक कारण शून्य करायचं आणि पडद्यावरची माशांच्या संख्येची रेघ वर चढते का ते बघायचं. सर म्हणाले, नुसतं 'जिलेटिन' काय लिहितेस, डोहात बार कोण उडवतो त्याचं नाव लिही. लिहिलं, रामकिसन. शून्य केला. रेघ टुणकन वर गेली. सरांनी पेढा भरवला आणि मी फुगले.

१४ मार्च
रामकिसन गेला. तन्वीरनं सांगितलं, कुणीतरी कांडी त्याच्या जबड्यात बांधून पेटवली. मानेच्या वर काही उरलं नाही. सरांनी पाणी दिलं आणि पुढचं नाव विचारलं. डोहाला मोटर लावून पाणी उपसणारा सोमनाथ, मी लिहून बसले. सरांवर संशय कोण घेणार.

१८ मार्च
सोमनाथ डोहात मोटरीच्या पाइपाला तारेनं आवळलेला सापडला. टाळू फोडलेली, तोंडात मुरमुरे कोंबलेले. मुरमुरे वेचता वेचता माशांनी ओठ खाल्ले. सरच आहेत हे. ठाण्यात जावं तर दोन्ही नावं माझ्या हातची. फार भीती वाटतेय.

२० मार्च
सर खुर्चीमागं उभे होते. बोट पडद्यावर — 'मोजणीत दगावणारे मासे'. नाव हवं म्हणाले. दुसऱ्या हातात तारेचं वेटोळं. जाळं तन्वीर टाकतो, मासे मोजते मी. मी लिहिलं — तन्वीर. जीव प्यारा होता, दुसरं काय.

२१ मार्च, दुपार
तन्वीरला फोन लावतेय. पळ म्हणून सांगायचं — उचलत नाही.
परत लावला.
रिंग आमच्या जिन्यात वाजतेय.
दार लावलं. कडी हलतेय —
तन्वीर शून्य केला तरी रेघ पुरती चढली नाही. सरांनी बघितलं असणार.
कडी निघाली. सर कोपरापर्यंत लाल. शांतपणे विचारतायत, जाळ्यातला मासा हातात धरून मोजतं कोण —