पान्यावरचं कुंकू

आबा, तुमची रंधा मशीन विकत घ्यायला परवा पुण्याहून एक जण आला होता. जुन्या मशिनी शोधायच्या, घासूनपुसून चालत्या करायच्या, हा म्हणे त्याचा छंद. म्हणजे धंदा नाही, गिऱ्हाईक नाही, नुसती मशीन फिरताना बघत बसायचं! मला आधी हसूच आलं. मग त्यानं गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात तिचं पोट तपासलं आणि विचारलं, "काकू, पाती बसवायचा हा गोल ब्लॉक नंतरचा दिसतो. मूळचा चौकोनी कुठाय?" इतक्या वर्षांत त्या चौकोनी ब्लॉकचं नाव घरात कुणी काढलेलं नाही. मी म्हटलं, भंगारात गेला. धडधडीत खोटं बोलले. तो माझ्या खाटेखाली गोणपाटात बांधून ठेवलेला आहे.

ती घ्यायला आपण दोघं गेलो होतो ते आठवतं? आणीबाणीचे दिवस होते. मी बावीस वर्षांची घोडी, तुमच्याबरोबर कारखान्यात पाती घासणारी, म्हणून भिवंडीच्या आपल्या कामतघर वस्तीत सगळे मला हसायचे. लूमवर धोटा फेकणारे लाकडी दांडे हातानं रंधून रंधून तुमचे खांदे गेले होते, आणि भंगारवाल्याकडे विलायती रंधा मशीन आल्याचं कानावर आलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून निघालेली. भंगाराच्या ढिगात ती एकटीच उभी, सात फूट लांब, बिडाची, गंजानं तांबडीलाल. भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, पूरी मत ले जाओ. तोड के देता हूँ, लोहे के भाव. ये चौकोर वाला पंजा खींच लेता है." तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बिडावर तळहात फिरवत राहिलात. "तोडायची न्हाय. हात कुठं ठेवायचा त्ये मला ठावं हाय." त्यानं खांदे उडवले आणि हमालांना हाक मारली. हमालांतला एक म्हातारा मात्र तिला हात लावायला तयार होईना. तो नुसता बाजूला विडी ओढत उभा राहिला, आणि ट्रक निघेपर्यंत आपल्याकडे बघत होता.

पावसाळाभर आपण तिच्यामागे होतो. रॉकेल आणि विटेची पूड घेऊन मी गंज घासायची, माझी नखं दिवाळीपर्यंत काळी होती. तुम्ही बेअरिंगचा धातू वितळवून ओतलात, तीन वेळा बिघडला, चौथ्यांदा बसला. तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे टाळ्या वाजवत आईला बोलवायला धावलात. पण पात्यांवरचं पत्र्याचं झाकण मी घासलं त्या दिवशीचं सांगते. वरच्या बाजूला टेंगूळ होतं, मुठीएवढं, वर फाटत आलेलं. मी म्हटलं, "आबा, हा मार आतून बसलाय." तुम्ही झाकण उलटं केलंत, आतून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "कुनाचं तरी पातं सुटलं आसल. आपलं न्हाय सुटनार." टेंगूळ ठोकून बसवलंत, पुट्टी भरलीत आणि वर हिरवा रंग मारलात. रंग वाळल्यावर कुणाला शोधून सापडलं नसतं. मला मात्र जेवताना, झोपताना ती जागा दिसायची. पण तुमच्या तोंडावर इतका आनंद होता की बोलायची हिंमत झाली नाही.

मग खंडेनवमी आली. आपल्या घरची रीत तुमच्याइतकी कडक कुणी पाळत नसेल. हत्याराला एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं हत्यार तुम्हीच उचलायचं. मी दोन्ही पाती काढून धार लावली, धुतली, पुसली. आणि आत जाऊन येते तर आईनं घाईघाईत पाटावर सगळी हत्यारं मांडून कुंकू लावूनसुद्धा टाकलेलं. किकरं, पटाशी, वाकस आणि बोल्ट आवळायचा तो मोठा पाना. तुम्ही ओसरीवरून ओरडताय, "पाती बसव गं! दात न्हायती त्या मशीनची पूजा कशी करायची?" आता पान्याला हात लावू कसा? सांगितलं असतं तर तुम्ही आईवर कडाडला असता, सणाच्या दिवशी. मी पाती जागेवर ठेवली आणि बोल्ट बोटांनीच फिरवले, जेवढे फिरतात तेवढे. म्हटलं, दसरा झाला की तुम्ही पहिलं हत्यार उचललंत, की लगेच आवळते. तुम्ही विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, "झालं." झेंडूची माळ तुम्ही स्वतः घातलीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गणेशपुरीकडचे पाहुणे मला बघायला येणार असा निरोप आला. झालं, घरात एकच धावपळ! आईनं माझे हात लिंबानं घासले तरी नखं काही गोरी होईनात. हत्यार उचलायचं पाहुणे गेल्यावर, असं तुम्हीच म्हणालात. मुलगा, त्याचे वडील आणि आई, तिघं आली. बोलणं चांगलं चाललेलं. तुम्ही इतके खुशीत की गप्प बसवेना, स्वतःची रीतसुद्धा विसरलात. "पाव्हनं, मशीन दावतो चला. आक्क्या भिवंडीत अशी न्हाय." आणि बापलेकांना घेऊन मागच्या कारखान्यात गेलात. मी पोह्यांच्या बश्या घेऊन मुलाच्या आईसमोर उभी. मोटर गुरगुरली, चढत गेली, आणि मग एकच आवाज झाला. शेजारचे लूम चालू होते तरी तो सगळ्यांनी ऐकला. मी धावले तेव्हा तुम्ही मशीनशेजारी खाली बसला होता, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. झाकणावर हात ठेवून तुम्ही पाहुण्यांना तिचं कौतुक सांगत होता म्हणे. पातं बरोबर त्या पुट्टीतूनच बाहेर आलं होतं. अंगठा राहिला, चार बोटं गेली.

पाहुण्यांचा नकार आठवड्यात आला. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. ठाण्याच्या इस्पितळातून तुम्ही घरी आलात तेव्हा चहासुद्धा न घेता कारखान्याची किल्ली मागितलीत. मी मागोमाग आले. पाट तसाच होता, फुलं वाळून काळी पडलेली. पान्यावर आईनं ओढलेली कुंकवाची दोन बोटं जशीच्या तशी होती. तुम्ही ती बघितलीत. मग माझ्याकडे बघितलंत. मग पाना डाव्या हातानं उचलून धोतराला पुसलात, चांगला घासून, कुंकवाचा कणसुद्धा राहू दिला नाही. म्हणालात, "पाना मीच फिरवला हुता. कमी फिरवला. कुनी इचारलं तर ह्येच सांगायचं." मी मान हलवली. मरेपर्यंत तुम्ही गावभर तेच सांगत राहिलात. लोक म्हणायचे, मिस्त्री मातला, मशीनचा माज आला, आणि तुम्ही ऐकून घ्यायचात. गोल ब्लॉक करून आणवलात, मला मशीनवर उभं केलंत, आणि रोज सकाळी मी बोल्ट आवळले की स्टुलावरून उठून एकेक बोल्ट डाव्या हातानं चाचपायचात. कधी एक शब्द बोलला नाहीत. त्यापेक्षा मुस्काटीत मारली असती तर बरं झालं असतं आबा.

मशीन मी त्या पुण्याच्या माणसाला देणार आहे. चौकोनी ब्लॉक देणार नाही. हे पत्र त्याच्याच गोणपाटात जाईल, तुम्हाला आता कुठल्या पत्त्यावर धाडू? पण एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. तुम्हाला वाटलं पोरगी विसरली, आणि विसरलेल्या पोरीला तुम्ही पाठीशी घातलंत. तुम्ही "मशीन दावतो" म्हणून उठलात ना, त्याच क्षणी मला ते बोल्ट आठवले. अंगण ओलांडायचं होतं, कुलूप काढायचं होतं, दार ढकलायचं होतं. एक हाक पुरली असती. पण बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं बापाला ओरडून थांबवायचं कसं? मुलाच्या आईनं विचारलं, "तांदळाच्या भाकऱ्या येतात का गं?" मोटर सुरू झाली तेव्हा मी खाली मान घालून "येतात" म्हणत होते.