उघडं इंजिन

बुधवार, संध्याकाळ

काल सकाळी मिक्सर पुसून त्याच्यावर कव्हर घातलं आणि लगेच जुना पडदा फाडून माझ्या लेकीच्या, तेजलच्या, नव्या मोटरसायकलच्या इंजिनाला कव्हर शिवायला बसले. इंजिन, नळ्या, सगळं उघडंच. मला वाटलं, शोरूमवाले बाजूचे पत्रे लावायलाच विसरले.

"अगं आई, ही अशीच असते! हे घालून चालवली तर वाट लागेल तिची." हसतच सुटली.

पण अशी का? गाडीची पुस्तिका वाचली, बाकीचं तिला विचारलं. हँडल रुंद, म्हणून पटकन वळते. अंगाने हलकी, मूठ जरा पिळली की झेपावते. त्याचीच तर भीती. हे गेल्यापासून मी कुणाच्या मागे बसलेच नाही, आणि ही रोज म्हणते, "एकदा बस ना गं."

"पुढे काच नाही, मग वारा?"

"सरळ छातीवर. जास्त पळवली की मागे ढकलतो. मग मीच हळू होते."

वारा छातीवर. म्हणजे झाकलेल्या गाडीवर वेग कळतच नसेल? दिवसभर तेच डोक्यात.

आज सकाळी हेल्मेट घातलं, तेजलच्या खांद्यांना धरून मागे बसले आणि गोराईच्या जेट्टीपर्यंत जाऊन आले.