येते हं

३ नोव्हेंबर, देवळी
आले एकदाची! पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, बसस्टँडमागे माडीवर दोन खोल्या, आणि आधीचे भाडेकरू विवेक सर यांची मागे राहिलेली आरामखुर्ची. खाली घरमालकीण देवकाबाई. त्यांनी आल्या आल्या वांग्याची भाजी पाठवली, ती एवढी तिखट की कान गरम झाले. मग मी सगळ्यांशी ओळख करून घेतली. सगळे म्हणजे पंखा, शेगडी, चहाचं पातेलं. माझी धाकटी बहीण शालू म्हणते, ताईला माणसं कमी पडतात. पडू देत! पातेलं निदान मध्ये तोंड घालत नाही, आणि माझी सिनेमाची गाणी निमूट ऐकून घेतं. वही, उद्या येते हं.

५ नोव्हेंबर
निघताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, ही आईची शिकवण. मी खोलीतल्या सगळ्यांनाही तसंच म्हणते. आज जिन्यात देवकाबाईंनी हटकलं. "माणसाले म्हनजो येते. वस्तूले नोको म्हनू, पोरी. माणूस वाट पाहून थकते, वस्तू थकत नाई." विवेक सरही असेच वस्तूंशी बोलायचे म्हणे. बदली झाली तेव्हा तीनदा सामान घेऊन निघाले, तीनदा अर्ध्या वाटेतून परत आले. शेवटी त्या खुर्चीवरूनच त्यांना उचलून नेलं. काय एकेक सांगतात! मी मुद्दाम खुर्चीलाही "येते" म्हणून आले. वही, येते हं.

९ नोव्हेंबर
सकाळी एका गाण्याचा मुखडा गुणगुणत लॅबला गेले. दुपारी जेवायला आले, तर कुलूप काढायच्या आत आतून अंतरा ऐकू आला. रेडिओ माझ्याकडे नाही. फोन पर्समध्ये. आत पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं, आणि शेगडी बंद. आवाज माझाच होता. घाबरले मी, खोटं कशाला लिहू. वही, येते.

१२ नोव्हेंबर
शालूचे दिवस भरलेत. आई गेल्यापासून तिला मीच. बाळंतपणाला येईन, असा शब्द दिलाय. आज तिच्याकडे अकोल्याला निघाले. वर्धा स्टेशनवर अकोल्याचं तिकीट काढलं, गाडीत चढले — आणि एकदम हातात किल्ली, समोर आमचंच दार. मधलं काही आठवत नाही. पायात चप्पल नाही. पातेलं गरम. वही, येते.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तेच. खुर्ची आपोआप डोलत होती. देवकाबाई म्हणाल्या, ज्याला ज्याला "येते" म्हटलंस त्याला तोंडावर "जाते" सांग. एकही सुटू देऊ नको.
येते.

१४ नोव्हेंबर, दुपार
शालूचा फोन. कळा सुरू झाल्यात. रडत विचारत होती, ताई कुठवर आलीस.
हात लावून एकेकाला सांगितलं. पंखा, जाते. शेगडी, जाते. पातेलं, जाते. खुर्ची, जाते. सगळं गप्प.
गाडीत आहे. पुलगाव गेलं. बडनेरा गेलं! चप्पल पायात आहे! शालू, पोचलेच गं. म्हटलं, वहीत लिहून ठेवावं, कुणी राहिलं तर नाही —

वही.
रोज तुला लिहिलंय — रोज —

वही, मी ये
नाही. जा — हात ऐकत नाही —
कुठेतरी अंतरा — माझ्याच आवाजात — खिडकीबाहेर आमचा जिना —
फोन वाजतोय, शालू — शालू, मी जा
ये
वही, ये