उशिरा बुडालेली घटिका व पृथ्वीची ढिली पडलेली ओढ

प्रति,
मेहेरबान तपासनीससाहेब,
वजने, मापे व घड्याळे तपासणी कचेरी,
मुक्काम रत्नागिरी.

अर्जदार : भिकाजी धाकू मयेकर, माजी तांडेल, राहणार मालगुंड.

विषय : पृथ्वीची ओढ कमी झाल्यामुळे उशिरा बुडालेली घटिका 'खोटे माप' ठरवून जप्त केल्याबाबत.

संदर्भ : आपण लग्नमंडपात सर्वांसमक्ष केलेला तोंडी निवाडा.

महोदय,

१. याच वैशाखात अर्जदाराची नात दमयंती हिचे लग्न मालगुंडास झाले. वर गंगाराम, राहणार बुरोंडी, मुंबईस गोदीत नोकरीला. आपण वरपक्षाचे बडे पाहुणे, म्हणून मंडपातली एकुलती एक खुर्ची आपणांस दिली व इतरांना कुंकवाच्या अक्षता वाटल्या असता आपणांस चांदीच्या वाटीतून केशराच्या दिल्या. खुर्ची घंगाळाशेजारी होती. घंगाळातल्या पाण्यावर अर्जदाराची घटिका, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, तरंगत होती. ती भरून बुडाली की मुहूर्त. आमचे भटजी घड्याळ पाहत नाहीत, वाटी पाहतात. अर्जदाराच्या आजाने ती आपल्या शिडाच्या फत्तेमारीवर वापरली आणि तिच्या भरवशावर एडनपर्यंत जाऊन आला. आपण वेंगुर्ल्यापलीकडे गेल्याचे ऐकिवात नाही.

२. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली, वाटी बुडेना. भटजींची मंगलाष्टके संपली तेव्हा त्यांनी ती पहिल्यापासून पुन्हा धरली. इतक्यात आपण मघापासून हातात धरलेले खिशातले घड्याळ दाखवून म्हणालात, "तांडेल, तुमची घटिका झोपली. मुहूर्त गेला." हळू म्हणाला असतात तर निभावले असते, पण आपला आवाज शिपायांना हाका मारून तयार झालेला. मागाहून वाटी बुडाली, माळा पडल्या, तरी व्याही बाळा यांचे तोंड फिरले ते फिरलेच. "मुहूर्त गेलेली सून आम्ही होडीत घेत नाही," असे सांगून त्यांनी वऱ्हाड परत नेले. मुलगी अंगावरच्या हळदीसकट आमच्याच घरी बसली आहे. दुसरे दिवशी आपला शिपाई येऊन वाटीही घेऊन गेला. मुलगी नेली नाही, वाटी नेली, असा हा न्याय.

३. वाटीत खोट नाही. येथील मास्तरांनी मुंबईच्या वर्तमानपत्रातून वाचून दाखविले की, वस्तू वस्तूस ओढते ती ओढ, जी आजवर सर्वांनी कायमची धरली होती, ती जगाचे वय वाढते तशी ढिली पडत असावी, असा तर्क विलायतेतील एका प्रोफेसराने मांडला आहे. फरक पडायला युगे लागतात असे ते म्हणतात, परंतु त्यांनी आमचा किनारा पाहिलेला नाही. अर्जदाराच्या तरुणपणी डोलकाठीवरून पडलेला खलाशी ओरडण्याआधी फळीवर पोचत असे. परवा नारळ पाडणारा सदू माडावरून पडला, तो वाटेत खाली उभ्या असलेल्याकडे तंबाखू मागून मग जमिनीला लागला. ओढ कमी म्हणून पाणी भोकातून सावकाश शिरते. यात वाटीने काय करावे?

४. खात्री करणे असल्यास वाटी आपल्या कचेरीतील लंबकाच्या घड्याळाशेजारी पाण्यावर ठेवावी. दोघांचे जुळेल, कारण लंबकही त्याच ओढीवर हलतो. ओढ ढिली तर दोघे मिळून ढिले. आपले खिशातले घड्याळ कमानीचे, आतल्या स्प्रिंगेवर चालणारे. त्याला पृथ्वी असली काय, नसली काय सारखेच, आणि धन्यालाही ती फारशी लागत नाही. दोन जातींची घड्याळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी चालवून तफावत पाहणे हीच खरी तपासणी. आपण एका मंडपात, पोटात जेवण पडायच्या आधी, ती उरकलीत.

५. हे सारे अर्जदाराने दमयंतीस समजावून सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, पृथ्वीचा काय ता मागाहून बघा. आधी माझा बघा." गंगाराम शेवटच्या आगबोटीने मुंबईस जाणार. मग पावसाळाभर आगबोटी बंद, आणि दिवाळीपर्यंत व्याही दुसरी मुलगी पाहून ठेवतील.

६. तरी आपण व्याह्यांस सहीनिशी कळवावे की, पृथ्वीची ओढ कमी झाली असून मुहूर्त घटिकेप्रमाणे बरोबर साधला. यात कोणाचाच अपमान नाही. पृथ्वी तक्रार करणार नाही.

७. ओढ कमी झाली हे आपणांस मान्य नसल्यास दुसरे कारण नाइलाजाने सांगावे लागेल. लग्नाच्याच दिवशी, आपला शिपाई यायच्या आधी, अर्जदाराने घंगाळ उपसले आणि भटजींच्या देखत वाटीचे भोक माडाच्या हिराच्या काडीने साफ केले. भोकात तांदळाचा एक दाणा अडकला होता. मंडपात अक्षता उडवताना डाव्या हातातल्या घड्याळाकडे पाहत उजव्या हाताने नेम न धरता उडवणारा इसम एकच होता. दाणा केशरी आहे.

येणेप्रमाणे पृथ्वीची ओढ की आपला हात, यांपैकी काय ढिले ते ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी आपला आहे.

आगबोट सुटेपर्यंत आपला नम्र,
भिकाजी धाकू मयेकर

मालगुंड, ता. १९ मे १९३८

सोबत : काही नाही. दाणा अर्जदाराजवळ पुडीत बांधून ठेवला आहे.