नॉर्मल रक्तावर माझा भरवसा नाही

मंगळवार, दिवेलागणी

लिही वं पिंकी. नात शिकलेली असली तरी आजीचं बोलणं सुधारू नको.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. आतड्याले रक्त कमी पोहोचून राहिलं का, याचा त्यातल्या लॅक्टेटवरून अंदाज येते म्हणे. सून खुशीत पेढे आणाले गेली. मले मात्र शंका येऊन राहिली. जेवलं की अर्ध्या घंट्यात पोट पिळून निघते, अन् रक्त म्हणते सगळं ठीक? खोटं कोण बोलून राहिलं, पोट का रक्त?

रक्त घेतलं त्या दिवशी माझी एकादशी होती. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. उपाशी राहिलं की दुखत नाही, हे मले महिन्यापासून माहीत आहे. म्हणून तर रोज अर्धी भाकर ताटाखाली लपवून राहिली.

पिंकीचा पेन थांबला. "आजी, हे डॉक्टरले सांगितलं का?"

"त्यानं रक्ताले विचारलं. मले कुठं विचारलं?"

"अन् वजन उतरलं, ते?"

तेही मी सांगितलं नाही. म्हणजे खोटं ना पोट बोललं, ना रक्त; अर्धं मीच लपवलं.

पिंके, हे पान फाडून उद्या डॉक्टरले देजो. तोंडानं मी पुन्हा अर्धंच सांगीन.